अठरा लिटरचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घरी दोन प्रकारे येतो. तयार उचलून आणायचा, नाहीतर सुटे भाग आणून जुळवायचा. दुसरा प्रकार थेट लग्न जुळवण्याच्या जातीचा. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटात बसायला हवा, ग्राफिक्स कार्डाची भूक आणि पॉवर सप्लायची ऐपत यांचा मेळ हवा, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांचं तर एका घरात पटतच नाही, त्यांच्या खाचाच वेगळ्या. आणि हे सगळे गुण जुळले की कोणीतरी हळूच विचारतं, "पण राहणार कुठे?"

आमच्याकडे हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी आला. कारण डोंबिवलीतलं आमचं घर म्हणजे वन बीएचके. हॉलमध्ये एका भिंतीला नानांची (म्हणजे माझ्या वडिलांची) कॉट, समोर सोफा, आणि खिडकीखाली लेकीचं टेबल. टेबलाच्या डाव्या अंगाला भिंतीत एक कप्पा आहे, समोरून उघडा. त्यात इतकी वर्षं इस्त्रीचे कपडे आणि छत्र्या सुखाने नांदत होत्या. रुंदी २४ सेंटीमीटर, उंची ३८, खोली ४५. कॉम्प्युटर येणार असेल तर तो इथेच, असा ठराव झाला. छत्र्यांना विचारलं नाही.

आता मंडळी म्हणतील, मग लॅपटॉप घ्यायचा! तर घरात दोन गरजा होत्या. लेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला गेम खेळायचे होते. मला फोटोंचं काम करायचं होतं. गेमिंग लॅपटॉप या दोन्ही गोष्टी करतो, नाही असं नाही, पण जोर लावायची वेळ आली की त्याचे चिमुकले पंखे मिक्सरसारखे ओरडतात. आणि त्या ओरडण्यापासून सहा फुटांवर नाना झोपलेले असतात. त्यामुळे 'वेग' आणि 'आकार' यांच्या जोडीला 'शांतता' ही तिसरी अट आली. ती अट कुणी बोलून दाखवली नव्हती, सगळ्यांनी आपापली धरली होती.

माझं फोटोंचं काम म्हणजे काय, ते नात्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

नानांचा सांगलीला फोटो स्टुडिओ होता, १९७१ ते २००८. बंद केला तेव्हा त्यांनी सगळ्या निगेटिव्ह गावभागातल्या घरी आणल्या. बुटांच्या खोक्यांतून, बिस्किटांच्या डब्यांतून, क्रमांक घालून. सोबत पावत्यांच्या वह्या. कोणत्या क्रमांकाच्या पाकिटात कोण आहे ते वहीत. २००५ चा पूर पाहिलेला माणूस, त्यामुळे निगेटिव्ह माळ्यावर ठेवल्या. वह्या मात्र लोकांना लागतात म्हणून खालच्या कपाटात राहिल्या. कोणी ना कोणी यायचं, "आमच्या आजीचा फोटो आहे का बघा", म्हणून.

मग ऑगस्ट २०१९ आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातली घरं बुडाली, त्यात आमचंही. माळा वाचला. वह्यांचा लगदा झाला.

म्हणजे अकरा हजारांच्या आसपास निगेटिव्ह उरल्या, आणि त्यातली माणसं कोण हे सांगणारी एकच जागा उरली. नानांचं डोकं.

आई २०२१ ला गेली आणि नाना आमच्याकडे राहायला आले. सोबत खोकी आली. काही उघडली तर आंबूस वास आला. व्हिनेगरसारखा. ही जुनी फिल्म ॲसिटेटची असते, दमट हवेत ती हळूहळू कुजते आणि कुजताना ॲसेटिक ॲसिड सोडते. त्या वासाला इलाज नाही, थंड आणि कोरड्या जागेत ठेवलं तर वेग कमी होतो एवढंच. सांगलीचा पावसाळा आणि डोंबिवलीचा पावसाळा, दोन्हीत थंड आणि कोरडं असं काही नसतं.

आणि दुसरी घड्याळाची टिकटिक नानांच्या डोळ्यांत. मॅक्युलाचा आजार आहे, म्हणजे पडद्याच्या मधोमध. उजव्या डोळ्याचं मधलं गेलंय, डावा इंजेक्शनांवर टिकवून धरलाय. समोरचा चेहरा थेट पाहिला की तिथे धूसर ठिपका, म्हणून नाना मान थोडी वळवून कडेच्या नजरेने पाहतात. कागदावरचा फोटो आता त्यांना नीट दिसत नाही. पण मोठ्या, उजळ स्क्रीनवर चेहरा पंजाएवढा करून दाखवला की दिसतो. चाळीस वर्षं डार्करूमच्या लाल दिव्यात डोळे फोडलेल्या माणसाला शेवटी उजेडच कामी आला.

तर काम असं. लाइट पॅनेलवर निगेटिव्ह ठेवायची, वर स्टँडला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स, खट्. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, नानांची यशिका चौकोनी निगेटिव्ह काढायची, त्यामुळे त्यातले सोळा मेगापिक्सेल कामाला येतात. मग ती रॉ फाइल डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. त्यात 'नेगाडॉक्टर' नावाचं एक साधन आहे, ते निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करतं. रंगीत फिल्मला जो नारिंगी मुलामा असतो तोही उतरवतं. नंतर धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग. आणि मग नानांना शेजारी बसवून एकेक चेहरा.

इथे गाडी अडायची. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चित्र मोठं करून एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सरकलं की आधी सगळं धुरकट व्हायचं, आणि चार-पाच सेकंदांनी स्वच्छ. तुम्हाला वाटेल, पाच सेकंद म्हणजे काय मोठंसं! पण एका मुलींच्या शाळेचा सातवीचा ग्रुप फोटो घ्या. पुढे पाटीवर खडूने १९७८ लिहिलंय. ५४ मुली. नाना मान वळवून नजर लावणार, तेवढ्यात मी चित्र हलवणार, पुन्हा धुरकट, पुन्हा थांबा. तिसऱ्या रांगेपर्यंत ते थकून जायचे. "राहू दे गं, उद्या बघू." ते पाच सेकंद माझे नव्हते, नानांच्या डोळ्यांचे होते.

मला वेगवान कॉम्प्युटर कशाला हवा, याचं उत्तर एवढंच. एक्स्पोर्टला रात्रभर लागली तरी माझी तक्रार नाही. पण नाना शेजारी बसलेले असताना चित्र हात हलवल्याबरोबर हललं पाहिजे.

आता गंमत बघा. डार्कटेबलचं हे चित्र रंगवायचं काम प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्ड कितीतरी झपाट्याने करतं. आणि कार्डावर मेमरी कमी असली तर ते चित्राचे तुकडे करून एकेक तुकडा वाढतं, पंगतीत ताटं कमी पडल्यासारखं. म्हणजे मला हवं होतं ते नेमकं लेकीला हवं होतं तेच! इतके महिने ती "गेमसाठी कार्ड" म्हणाली की मी "बघू" म्हणत होते, आणि नानांच्या सातवीच्या मुलींना तेच कार्ड लागणार होतं. हे तिनेच मला वाचून दाखवलं, आणि दाखवताना चेहऱ्यावर जे हसू होतं त्याचं वर्णन करत नाही.

मग आमची यादी बनायला लागली. टेपने कप्पा पाच वेळा मोजून झाला. नेहमीच्या एटीएक्स मदरबोर्डची लांबी-रुंदी ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मिनी-आयटीएक्स नावाचा छोटा प्रकार आहे, १७० बाय १७०. व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला. त्यावर रॅमच्या दोनच जागा आणि कार्डासाठी एकच खाच, म्हणजे "नंतर वाढवू" हा आपला लाडका बेत इथे चालत नाही. जे घालायचं ते विचार करून पहिल्यांदाच घालायचं. पॉवर सप्लायही छोटा, एसएफएक्स मापाचा. आणि छोटं म्हणजे स्वस्त असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी डोंबिवलीचं घर आणि दादरचं घर यांच्या किमती आठवाव्यात. मिनी-आयटीएक्स बोर्ड त्याच गुणांच्या मोठ्या बोर्डापेक्षा काही हजारांनी महाग पडला.

कॅबिनेट कूलर मास्टरचा एनआर२००. आकारमान सुमारे १८ लिटर. लिटर हे माप या लोकांनी कुठून काढलं कोण जाणे, पण मला फार आवडलं. पंधरा किलो तेलाचा डबा डोळ्यांपुढे आणा, त्याहून किंचित मोठा. याहून लहान, दहा-अकरा लिटरचेही असतात, पण जागा जितकी कमी तितकी हवा कमी, आणि हवा कमी की पंखे जोरात. नाना झोपलेले. म्हणून अठरा.

प्रोसेसर रायझन ७ ७७००. आठ कोअरचा आणि ६५ वॅटचा. याच घराण्यात याहून तापट भावंडं आहेत, पण आम्हाला डोक्याने थंड मुलगा हवा होता. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं, आखूड, दोन पंख्यांचं. त्याची भूक १८० वॅट. रॅम ३२ जीबी, दोन्ही जागा भरून. (आम्ही जुलै २०२५ मध्ये घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे भडकले की लेक अजून महिन्यातून एकदा मला ते वाचून दाखवते.) साठवणीला २ टीबीची एसएसडी, च्युइंगमच्या पट्टीएवढी. अकरा हजार निगेटिव्ह, एकेकीला ३० एमबी धरले तर ३३० जीबी झाले. उरलेलं लेकीला, कारण हल्लीचा एकेक गेम शंभर-शंभर जीबीचा ऐसपैस पाहुणा.

प्रोसेसरवरचा कूलर नॉक्टुआचा, १२५ मिलिमीटर उंच. त्याचे पंखे चहात बुडवलेल्या मारी बिस्किटाच्या रंगाचे. लेकीला काचेचं कॅबिनेट आणि आत इंद्रधनुष्य हवं होतं, ते तिने सोडलं. बदल्यात मॉनिटरच्या वेळी मी माघार घेतली. २७ इंची आयपीएस तर माझ्या रंगांसाठी हवाच होता, पण १८० हर्ट्झचा तिच्यासाठी. त्यात दोन मोड ठेवलेत. तिचा झगझगीत, माझा साधा, उजेड कमी केलेला. बसायच्या आधी बटण दाबून आपापला लावायचा, जसं बाथरूममधून आल्यावर गीझर बंद करायचा.

खरेदीला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर कॉम्प्युटरवाले दुसरीकडे बघतात.) माझ्या पर्समध्ये मोजपट्टी. एका दुकानदाराने यादी पाहिली, कप्प्याची मापं ऐकली आणि म्हणाला, "मॅडम, इतना टेन्शन क्यूं? बडा कॅबिनेट लो, सस्ते में." लेक म्हणाली, "अंकल, बडा घर भी दे दो साथ में." तो मनापासून हसला, आणि मग त्याने स्वतः कार्डाचं खोकं फोडून, पट्टी लावून लांबी मोजून दिली. मॉनिटर धरून सगळे मिळून दीड लाखाच्या थोडे वर गेले. त्यात लेकीने दोन वर्षांची वाढदिवसाची पाकिटं घातली आहेत, हे पाकिटं देणाऱ्या मावशी-काकांच्या माहितीसाठी.

जुळणी रविवारी, जेवणाच्या टेबलावर. २००१ साली घरी पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर आला तेव्हा एक मुलगा येऊन तासाभरात जोडून गेला होता, आम्ही चहा देण्यापुरते. या वेळी जोडणारी लेक आणि मी हाताखाली. सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, केसाएवढ्या बारीक. प्रोसेसर त्यावर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. लेकीने श्वास रोखला होता, मीही. अशा लहान घरात सामान लावायचा एक क्रम असतो. कपाट आधी आत न्यायचं, मग दार बसवायचं. इथेही तसंच. रॅम, एसएसडी, कूलर हे बोर्डावर बाहेरच बसवायचं, पॉवरच्या वायरी आधी ओढून ठेवायच्या आणि कार्ड सगळ्यात शेवटी, कारण ते एकदा बसलं की बोट शिरायला जागा नाही. नाना कॉटवरून ऐकत होते. स्क्रू पडल्याचा आवाज आला की अचूक सांगायचे, "डावीकडे, टेबलाच्या पायापाशी." नजर गेली की कान कामाला लागतात.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

एक मिनिट. दोन मिनिटं. लेकीचा चेहरा उतरला. मग तिलाच आठवलं की हे नवे बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची ओळख करून घेत बसतात, डीडीआर५ ला त्यात काही मिनिटं सहज जातात. "नवीन सून आहे, घर बघतेय," नाना म्हणाले. पाचव्या मिनिटाला अक्षरं उमटली.

आता आवाजाचं. पंख्यांचा वेग तापमानाप्रमाणे किती वाढू द्यायचा ते ठरवता येतं. लेकीने ते बसून बसून जमवलं. आणि एक घरचा कायदा झाला, रात्री दहानंतर गेम ६० फ्रेम्सवर बांधायचा. कार्डाने सेकंदाला १५० चित्रं काढण्याऐवजी ६० काढली तर ते तितकं तापत नाही आणि पंखे कुजबुजतात. तिच्या 'एल्डन रिंग'ला तर काही सांगावंच लागत नाही, तो मुळात ६० वरच बांधलेला. पहिल्या रात्री नानांना विचारलं, त्रास झाला का? म्हणाले, "चालू होता होय?"

दुपारी कधीतरी नाना तिच्या शेजारी बसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला 'राजी' नावाचा गेम (२०२०) तिने त्यांना दाखवला, त्यातले किल्ले त्यांना आवडले. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'त फोटो मोड आहे. खेळ थांबवून कॅमेरा हवा तिथे न्यायचा, लेन्स बदलायची, मागचं धूसर करायचं. नाना कडेच्या नजरेने पाहत सांगतात, "सूर्य पाठीशी नको घेऊ, बाजूला घे. चेहऱ्याला आकार येतो." नात न खेळता अर्धा तास घोडेस्वाराचे फोटो काढत बसते. सदतीस वर्षांचा स्टुडिओ असा चालू आहे.

आणि सातवीच्या मुली? एका बैठकीत ५४ पैकी १९ नावं मिळाली. नाना चेहऱ्यावरून कमी आणि मान कशी धरलीय त्यावरून जास्त ओळखतात. "ही बँकेतल्या साहेबांची. हिचा भाऊ पुढच्या वर्षी आला होता पासपोर्टला." मी टाइप करत जाते. चित्र हललं की लगेच स्वच्छ. नाना थकतात, पण आता आठवून थकतात.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्या यादीत नव्हती. ती लेकीला दिसली. गेम खेळणाऱ्यांची नजर सारखी कडेला असते, शत्रू कडेनेच येतो म्हणून. ती मागे उभी होती आणि म्हणाली, "आई, हा हात सगळीकडे का आहे?"

नाना चौकोनी निगेटिव्ह काढायचे आणि प्रिंट देताना कडा छाटून उभा आयत करायचे. त्यामुळे छापील फोटोत कधी कोणाला दिसलं नाही, पण निगेटिव्हच्या अगदी कडेला, चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा धरून उजेड चेहऱ्यावर टाकणारा एक हात आहे. मनगटात दोन काचेच्या बांगड्या आणि एक पाटली. बाळांच्या फोटोत आहे, नवरा-बायकोच्या फोटोत आहे, लग्नाच्या मुलींच्या फोटोत तर हमखास.

मी चित्र मोठं केलं. नानांनी मान वळवली. त्यांना वेळ लागला नाही.

"पुठ्ठा सरळ धर म्हणायचो तिला," ते म्हणाले. "कंटाळायची नाही."

आतापर्यंत असे ४३ हात सापडलेत. मी त्यांचा वेगळा फोल्डर केला नाही. नाना म्हणाले, असू दे त्या त्या माणसाजवळच.

असो. फार लांबलं. कामाचं सांगते आणि थांबते. सगळ्या स्कॅनची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर पुण्याला भावाकडे आहे, एक इथे. एका गावात दोन प्रती ठेवायच्या नाहीत हे कृष्णामाईने शिकवलंय. सांगलीकर मंडळींपैकी ज्यांचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले फोटो गावभागात काढलेले असतील त्यांनी मला कळवा, फोटोच्या मागे क्रमांक असेल तर जरूर कळवा, त्यावरून पाकीट सापडतं. आणि आपापल्या घरी जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारं कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसून नावं लिहून घ्या. कागदी फोटोच्या मागे लिहिताना मऊ पेन्सिल वापरा, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.